तोतलाडोहाच्या काठी

भरवेलीत आयुष्य काढलेल्या माणसाला जमिनीच्या पोटात काय आहे याची माहिती पुष्कळ असते. मँगनीजचा थर कोठे जाड, कोठे बारीक, पाण्याचा झरा कोणत्या पातळीवर लागेल, हे तो झोपेतही सांगेल. आशिया खंडातील सर्वांत खोल मँगनीज खाण म्हणून आमच्या या लहानशा गावाचे नाव घेतले जाते. मात्र डोक्यावरच्या आकाशाखाली, दिवसाभराच्या वाटेवर काय आहे, याची चौकशी आम्ही खाणकामगार मंडळी सहसा करीत नाही. निवृत्तीनंतर मला ही उणीव जाणवू लागली, आणि तिच्यातूनच तोतलाडोहाचा हा लहानसा प्रवास घडला.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांना आठवत असेल की 1956 पर्यंत बालाघाट आणि नागपूर एकाच प्रांतात होते. पुढे सीमा आखली गेली आणि आपण नकाशाच्या एका बाजूस राहिलो, आपले मामा-आत्या दुसऱ्या बाजूस. परंतु नद्यांनी ती सीमा कधी मानली नाही. आमच्या उशाशी वाहणारी वैनगंगा सिवनी जिल्ह्यातील मुंडारा येथे उगम पावते, मोठा अर्धवर्तुळाकार वळसा घेऊन बालाघाटात उतरते आणि पुढे भंडाऱ्याकडे जाते. तिची एक दूरची बहीण म्हणजे पेंच. ती छिंदवाड्याच्या डोंगरात जन्मते, काही अंतर सिवनी आणि छिंदवाडा या जिल्ह्यांची हद्द होते, नागपूर जिल्ह्यात शिरून कामठीजवळ कन्हानला मिळते. कन्हान अंभोऱ्यास वैनगंगेला भेटते. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ याच अंभोऱ्यास रचला, असे विदर्भातील कित्येक अभ्यासक मानतात. सातपुड्याच्या दोन टोकांनी निघालेले पाणी अशा रीतीने आपल्या भाषेच्या एका जुन्या तीर्थावर एकत्र येते.

प्रवासाचे निमित्त दुहेरी होते. नागपुराहून आमचे मेहुणे आणि त्यांची दहा वर्षांची नात सुटीसाठी आली होती, आणि त्या मुलीला वाघ पाहावयाचा होता. दुसरे निमित्त आमच्या मासळीवाल्या मावशींचे. या बाई जातीने ढीमर, म्हणजे आपण विदर्भात ज्यांना ढिवर म्हणतो त्या समाजाच्या. गेली वीस वर्षे त्या आमच्या दारी वैनगंगेची मासळी घेऊन येतात. आम्ही पेंचला जाणार असे कळताच त्यांनी टोपली खाली ठेवली आणि म्हणाल्या, “जा बाबूजी, पाहून या. माझं माहेर तिथंच हाय. पन तुमाले दिसनार नाई. ते पान्याखाली हाय.”

ही गोष्ट मला वीस वर्षांत ठाऊक नव्हती. त्यांनीच पुढे सांगितले की वडिलांच्या जोडीला जाळे टाकणारे एक गोंड काका अजून हयात आहेत आणि खवासा-तुरियाच्या बाजूस एका वाडीत राहतात. “त्याले माझा राम राम सांगा,” एवढा निरोप घेऊन आम्ही निघालो.

चैत्राचा आरंभ होता. वैनगंगेचा पूल ओलांडून लालबर्रा, बरघाट, सिवनी असा रस्ता धरला. बरघाटपर्यंत भाताची मोकळी खाचरे, मधूनमधून मोहाची झाडे आणि त्यांच्याखाली पहाटेपासून टोपल्या घेऊन बसलेल्या बाया-मुली. सिवनी मागे पडल्यावर कुरईचा घाट लागतो आणि अरण्य रस्त्याला येऊन भिडते. साग, ऐन, धावडा, तेंदू, आणि सगळ्यांत उठून दिसणारी ती पांढुरकी, पर्णहीन कहांडळाची झाडे. चांदण्यात ती भुतासारखी दिसतात अशी त्यांची ख्याती आहे. पळस तर अंगभर पेटला होता. नागपूर ते जबलपूर हा राष्ट्रीय महामार्ग या वनातूनच जातो. मनसर ते खवासा या टप्प्यात वन्य प्राण्यांना खालून जाता यावे म्हणून रस्ता ठिकठिकाणी उचलून घेतला आहे. अशा एकंदर नऊ जागा आहेत. वाघ त्यांखालून जातात याची छायाचित्रे निघाली आहेत. माणसाने वाघासाठी पूल बांधावा, ही गोष्ट आमच्या लहानपणी कोणी सांगितली असती तर हसू आले असते.

हे वन साहित्यात फार पूर्वी गेले. फोर्सिथने 1871 साली मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावर ग्रंथ लिहिला, स्टर्नडेलने 1877 साली सिवनीवर लिहिले, आणि 1894 साली किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधून सिवनीची टेकडी व वैनगंगा जगभरच्या मुलांना माहीत झाली. मोगलीची गोष्ट ठाऊक नसलेले मूल विरळा. परंतु याच वनाची दुसरी एक गोष्ट मुलांना कोणी सांगत नाही. तुरिया गावात 9 ऑक्टोबर 1930 रोजी जंगल सत्याग्रह झाला. सरकारी वनातील गवत कापून कायदा मोडावयाचा, एवढाच त्याचा कार्यक्रम होता. पोलिसांनी गोळीबार केला आणि चार माणसे ठार झाली. त्यांत तीन स्त्रिया होत्या. आज व्याघ्रप्रकल्पाचे सर्वांत गजबजलेले प्रवेशद्वार त्याच तुरियात आहे. पर्यटकांच्या गाड्या हुतात्म्यांच्या स्मारकाच्या गावातून धूळ उडवीत जातात. वनातल्या गवतावर, लाकडावर, पाण्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न या मातीत काही नवा नाही, हे ध्यानात यावे म्हणून एवढे लिहिले.

सायंकाळी तुरियाजवळ मुक्काम केला. येथून जवळच पचधार नावाचे कुंभारांचे गाव आहे. तेथील मातीची भांडी सुरेख असतात. आमच्या सौभाग्यवतींनी दोन सुरया घेतल्या, आणि परतीच्या प्रवासभर त्या आम्हा सर्वांच्या मांडीवर आळीपाळीने बसून आल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे उघड्या गाडीतून वनात शिरलो. आमचा वाटाड्या पंचविशीतला, शेजारच्याच गावचा गोंड तरुण होता. झाडांची नावे, पक्ष्यांचे आवाज, पावलांचे ठसे त्याला पुस्तकाविना येत होते. चितळांचे असे कळप मी उभ्या जन्मात पाहिले नव्हते. एकेका माळावर शंभर-शंभर, आणि त्यांच्या माथ्यावर झाडांतून वानरे. वानर वरून मोहाची-जांभळाची पाने पाडतात, चितळ खाली ती खातात. वानराला दुरून वाघ दिसतो, चितळाला त्याचा वास येतो. दोघेही एकमेकांच्या भरवशावर जगतात. अलिकट्टा नावाच्या विस्तीर्ण गवताळ माळावर गाडी थांबली तेव्हा वाटाड्याने सांगितले की येथे पूर्वी गाव होते. आता तेथे घराचा मागमूस नाही. गव्यांचा एक कळप संथपणे चरत होता आणि नीलपंख एका वाळक्या खोडावरून झेप घेत होता.

वाघ दिसला का, असे वाचक विचारतील. दिसला, पण क्षणभर. रस्ता ओलांडून तो गवतात गेला आणि गवतच त्याचे अंग झाले. मुलीने माझा हात इतका घट्ट धरला होता की तिची बोटे उमटली. ‘कॉलरवाली’ या नावाने जगप्रसिद्ध झालेली वाघीण याच वनातली. तिने आठ वेतांत एकोणतीस बछडे दिले आणि जानेवारी 2022 मध्ये वार्धक्याने प्राण सोडला. तिला रीतसर अग्नी देण्यात आला, आणि तो वनालगतच्या गावातील एका आदिवासी स्त्रीच्या हातून. ज्या माणसांना वाघासाठी घरदार सोडावे लागले त्यांनीच वाघिणीचे अंत्यसंस्कार करावेत, यात मला तरी केवळ शिष्टाचार दिसला नाही.

यानंतर गाडी एका उतारावर आली आणि झाडी एकाएकी संपली. समोर पाणीच पाणी. हाच तोतलाडोहाचा जलाशय.

‘डोह’ हा शब्द आपल्याला वेगळा सांगावयास नको. पेंच ही काही बारमाही भरून वाहणारी नदी नव्हे. उन्हाळ्यात तिची धार तुटते आणि खडकांच्या कुशीत खोल डोह तेवढे उरतात. पूर्वी वनातली जनावरे त्या डोहांवर पाणी पीत, मगरी त्यांत राहत, आणि काठचे लोक त्यांतच मासे धरीत. अशाच एका डोहाच्या नावाने हे धरण ओळखले जाते. भिंत महाराष्ट्रात, नागपूर जिल्ह्याच्या रामटेक तालुक्यात आहे; पाणी मात्र बहुतांशी मध्य प्रदेशात पसरले आहे. बुडालेल्या भूमीपैकी 54 चौरस किलोमीटर मध्य प्रदेशाची. वीजगृह 160 मेगावॉटचे असून त्यातील विजेचे दोन हिस्से मध्य प्रदेशास व एक हिस्सा महाराष्ट्रास मिळतो. खाली नवेगाव खैरीला दुसरे धरण आहे, आणि नागपूर शहराच्या नळाला येणारे बरेचसे पाणी तेथून जाते. 2019 च्या उन्हाळ्यात तोतलाडोहाचा वापरण्याजोगा साठा संपला तेव्हा नागपूरकरांना एका दिवसाआड पाणी मिळत होते. मेहुण्यांना ते दिवस चांगलेच आठवत होते. “आमच्या घरची बादली येथून भरते तर!” ते म्हणाले आणि बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले.

या जलाशयाने वनाचे रूपच पालटले. पावसाळ्याअखेर तो काठोकाठ भरतो; माघ-फाल्गुनापासून पाणी मागे सरू लागते आणि ओल्या गाळावर हिरवे, लुसलुशीत गवत उगवते. सारे रान वाळून करडे झालेले असताना ही हिरवी कड चितळ-सांबरांना पोसते, आणि चितळ-सांबर वाघाला. पेंचमध्ये तृणभक्षक प्राण्यांची एवढी दाटी असण्याचे हे एक मोठे कारण. पाण्यातून वर आलेल्या वाळक्या झाडांच्या ठुंठांवर पाणकावळे पंख पसरून बसले होते. दूर वाळूच्या पट्ट्यावर नदीसुरय पक्ष्यांची लगबग चालली होती. एका उंच झाडावर मत्स्यगरुड निश्चल बसला होता. काठाला एक ओंडका पडलेला दिसला. वाटाड्याने दुर्बीण दिली तेव्हा ओंडक्याला डोळे असल्याचे कळले. ती मगर होती.

मासे धरणारे सारे होते. माणूस मात्र नव्हता.

परतल्यावर दुपारी मावशींनी सांगितलेल्या काकांचा शोध घेतला. वाटाड्याला विचारले तर तो हसला. काका त्याचेच आजोबा निघाले. लहान गावांत असे योग येतात. वनाच्या हद्दीबाहेर, रस्त्यापासून आत, स्वच्छ सारवलेले अंगण, त्यात बाजेवर बसलेला एक कृश वृद्ध. मावशींचा राम राम सांगितला तसा त्यांचा चेहरा उजळला. “कोणाची? त्या डोंगेवाल्याची लेक?” त्यांनी विचारले, आणि मग हिंदीत, मधूनमधून गोंडी शब्द पेरीत, सावकाश बोलत राहिले.

नदीकाठच्या त्यांच्या गावात गोंडांची घरे अधिक, ढीमरांची थोडी. ढीमरांचा तो धंदाच. गोंडांना शेती थोडकी, मोहफूल, तेंदूपान आणि नदीची मासळी यांवर वर्ष निघे. एका ओंडक्याचा कोरलेला डोंगा दोन घरांत मिळून असे. पढीन आणि मरळ हे मोठे मासे डोहात. उन्हाळ्यात कोणता डोह राखावयाचा आणि कोणता उपसावयाचा हे गाव ठरवी. एक डोह देवाचा म्हणून त्यात कोणी जाळे टाकीत नसे. “त्यातून बाकीचे डोह भरत,” ते म्हणाले. मत्स्यबीज संवर्धनाचा हा नियम कोणत्याही खात्याच्या परिपत्रकाइतकाच पक्का होता. तो लिहिलेला मात्र नव्हता. पुढे धरण भरले, गाव उठले, आणि डोह पन्नास हात पाण्याखाली गेला.

यापुढचा इतिहास आता कायद्याच्या पुस्तकांत आहे, आणि तो वाचकांनी जाणून घेण्याजोगा आहे. महाराष्ट्राच्या बाजूस 1975 साली राष्ट्रीय उद्यान झाले. मध्य प्रदेशाच्या बाजूस 1977 साली अभयारण्य व 1983 साली राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले, आणि 1992 साली तेथे व्याघ्रप्रकल्प आला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे राष्ट्रीय उद्यानाची अंतिम अधिसूचना निघण्यापूर्वी तेथील लोकांच्या हक्कांची चौकशी होऊन निवाडा व्हावा लागतो. ते काम वर्षानुवर्षे रेंगाळले. नदी गेली, तळे आले. तळ्यात मासे होते, आणि तळ्याभोवती वाघांचे वन. लोक मासे धरीत राहिले. कायद्याच्या दृष्टीने ती चोरी ठरली.

अखेर 1996 च्या मे महिन्यात मध्य प्रदेश शासनाने पूर्वी या क्षेत्रात राहणाऱ्या आदिवासींना मासेमारीचे 305 परवाने दिले. त्याविरुद्ध पर्यावरणवादी वकिलांच्या एका संस्थेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. त्यांचे म्हणणे वावगे नव्हते. तीनशे कुटुंबे रोज वनात शिरणार. काठावर चुली पेटणार. चुलीसाठी लाकूड तुटणार. वणवा लागण्याचे भय. जाळ्यात मगरी आणि पाणपक्षी अडकणार. आणि मासेमाराच्या वेषात शिकारी आत आला तर त्याला ओळखणार कोण? वाघांची संख्या घटत चालल्याची चिंता त्या काळी साऱ्या देशाला लागली होती.

5 मार्च 1997 रोजी न्यायालयाने निकाल दिला. परवाने रद्द केले नाहीत. वनाचे नाजूक संतुलन जपण्याचा सर्व प्रयत्न व्हावा, परंतु या वनात पूर्वी राहणाऱ्या आदिवासींच्या पोटापाण्याच्या हक्काचाही योग्य विचार झाला पाहिजे, असा त्या निकालाचा आशय होता. हक्कांचा निवाडा होऊन अंतिम अधिसूचना लवकर निघावी असेही न्यायालयाने बजावले. त्याचबरोबर कडक अटी घातल्या. प्रत्येक परवानाधारकाला छायाचित्राचे ओळखपत्र. ते असेल तरच प्रवेश. काठावर विस्तव पेटवावयाचा नाही. प्लॅस्टिकसारखा कचरा टाकावयाचा नाही. जलाशय सोडून वनात इतरत्र जावयाचे नाही. कोणी किती मासे धरले याची रोज नोंद. आणि आणखी एक अट: हा परवाना दुसऱ्याला देता येणार नाही आणि तो वारशानेही जाणार नाही.

ही अखेरची अट मी पूर्वी कोठेतरी वाचली होती आणि वाचून पुढे गेलो होतो. त्या दुपारी तिचा अर्थ माझ्यासमोर ठेवला गेला. काकांनी नातवाला खूण केली. त्याने आतून पत्र्याची पेटी आणली. कापडात गुंडाळलेले एक जुने ओळखपत्र त्यांनी माझ्या हातात दिले. कडा फाटलेल्या, अक्षरे फिकट, छायाचित्रातील माणूस काळ्याभोर केसांचा. “हा मी,” ते म्हणाले. “यात माझे तोंड आहे. पोराचे नाही, नातवाचे नाही. मी गेलो की हेही गेले.” त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. सातबाराच्या उताऱ्यावर आपले नाव नसल्याचे एखादा शेतकरी जसे सांगेल तसे त्यांनी सांगितले.

मी गप्प राहिलो. मेहुण्यांनी विचारले, “आता जाळे टाकता का?” ते हसले. “आता काठी धरल्याविना अंगणात येत नाही. जाळे कोण ओढणार?” त्यांचे दोन मुलगे नागपुरात इमारतींच्या कामावर आहेत. नातू वाटाड्या आहे. वाघ पाहावयास येणाऱ्यांच्या पैशांवर त्याचे घर चालते. म्हणजे आजोबांना मासळीने पोसले, नातवाला वाघ पोसतो. नातवाला मी मुद्दाम विचारले, “मासेमारी पुन्हा खुली व्हावी असे वाटते का?” तो लगेच बोलला नाही. मग म्हणाला, “वाघ राहिला पाहिजे, साहेब. तो गेला तर आम्हीही गेलो. पण आजोबांना चोर म्हणत, ते बरे नव्हते.” मला वाटते, या सगळ्या वादाचे सार त्या तरुणाच्या दोन वाक्यांत आले.

नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. महाराष्ट्राच्या काठावर धरणाच्या बांधकामाच्या वेळी उभी राहिलेली वस्ती पुढे मासेमारीचे केंद्र बनली. तेथून मासळी शहरांकडे जाऊ लागली, आणि हे सर्व राष्ट्रीय उद्यानाच्या आत चाललेले होते. 2002 साली ती वस्ती हटविण्यात आली. पोटासाठी टाकलेले जाळे आणि बाजारासाठी टाकलेले जाळे पाण्यात सारखेच दिसते; काठावर मात्र त्यांत मोठे अंतर असते. ते अंतर ओळखण्याची व्यवस्था नसेल तर दोघेही एकाच काठीने हाकले जातात.

अशी व्यवस्था आपल्या प्रांतात एकदा घडून आली होती. नर्मदेच्या खोऱ्यात तवा नदीवर धरण झाले. तेथील विस्थापित आदिवासींनी संघटना करून लढा दिला आणि 1996 साली जलाशयातील मासेमारीचा ठेका त्यांच्याच सहकारी संघाला मिळाला. मधला ठेकेदार गेला. मासे धरणारे स्वतः हिशेब ठेवू लागले, मत्स्यबीज सोडू लागले, पावसाळ्यातील बंदीचे दिवस पाळू लागले. दहा वर्षे हे चालले. परंतु जलाशय सातपुडा व्याघ्रप्रकल्पाच्या क्षेत्रात येत असल्याने 2006 च्या डिसेंबरात ठेका संपला तो पुन्हा मिळाला नाही. दैवयोग असा की त्याच डिसेंबरात दिल्लीत वनहक्क कायदा संमत झाला. त्या कायद्यात गावसमूहांच्या हक्कांमध्ये जलाशयांतील मासे आणि इतर उत्पन्न यांचा स्पष्ट उल्लेख आहे. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने त्याच महिन्यात निघून गेले. शिवाय या कायद्यात आमच्या मासळीवाल्या मावशींसारख्यांची वेगळीच अडचण आहे. जे अनुसूचित जमातींत मोडत नाहीत त्यांनी तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा वास सिद्ध करावा लागतो. ज्याचे गावच पाण्याखाली गेले त्याने पुरावा आणावा कोठून?

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा आहे असेही नाही. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, वॉशिंग्टन राज्यातील आखातात, मूळ रहिवाशांनी एकोणिसाव्या शतकातील तहांच्या आधारे मासेमारीचा हक्क मागितला. 1974 साली न्यायाधीश बोल्ट यांनी निर्णय दिला की धरता येण्याजोग्या माशांचा निम्म्यापर्यंतचा वाटा त्या जमातींचा आहे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1990 साली स्पॅरो या मस्क्वीम जमातीच्या मच्छिमाराच्या खटल्यात एक क्रम लावून दिला: प्रथम माशांच्या जातीचे रक्षण, त्यानंतर मूळ रहिवाशांचे अन्न, आणि त्यानंतर व्यापार व मौजेची मासेमारी. मला हा क्रम फार शहाणपणाचा वाटतो. वाघाचे वन आणि माणसाचे पोट यांना त्याने एकमेकांसमोर उभे केले नाही. रांगेत उभे केले. आपल्याकडे पुष्कळदा ही रांग उलटी लागते. जलविहाराच्या होडीला आणि उपाहारगृहाला पाणी मिळते, आणि डोंगेवाला किनाऱ्यावर राहतो.

आशेचे काही आहे का? आहे, आणि आपल्या अगदी शेजारी आहे. बाघ नदी ओलांडली की गोंदिया जिल्हा. भंडारा-गोंदियाची भूमी म्हणजे तलावांची भूमी. कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी येथे तलाव बांधले; नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय त्यांचाच. कै. मारुती चितमपल्ली यांच्या लेखनातून तो मराठी वाचकांच्या घरोघरी पोचला. मालगुजारी गेल्यावर हे तलाव सरकारजमा झाले आणि ‘माजी मालगुजारी तलाव’ या नावाने त्यांची उपेक्षा सुरू झाली. गाळ साचला, बेशरमची झुडपे माजली, बाहेरच्या जातींची मासळी सोडल्याने गावची मासळी कमी झाली. अलीकडच्या काळात अर्जुनी-मोरगावकडील ढिवर स्त्रीपुरुषांनी आपल्या सहकारी संस्थांच्या तलावांतून बेशरम उपटून काढली, तळाशी स्थानिक पाणवनस्पती लावल्या, आणि देशी मासे व पाणपक्षी परत येऊ लागले. मासे धरणारा मनुष्यच तलावाचा राखणदार होऊ शकतो, याचा हा डोळ्यांदेखतचा पुरावा. व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यात हे जसेच्या तसे करता येणार नाही, हे मलाही कळते. परंतु ज्यांनी देवाचा डोह राखला त्यांना जलाशयाच्या राखणीत जागा देण्यास कोणता वाघ हरकत घेईल?

दुसरे दिवशी सकाळी निघताना काकांनी मुलीच्या हातात एक वस्तू ठेवली. जाळ्याच्या कडेला बांधावयाचा भाजल्या मातीचा मणी होता तो. जाळे बुडावे म्हणून असे मणी ओवतात. “आता जाळे नाही, तर मणी कशाला?” ते म्हणाले. मुलीने तो मणी वाटभर मुठीत धरून ठेवला होता.

भरवेलीस परतलो. चौथ्या दिवशी मावशी दारी आल्या. मी काकांची खुशाली सांगितली, नातू वाटाड्या झाल्याचे सांगितले. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि एकच विचारले, “पानी किती होतं?” मी म्हटले, “पुष्कळ होते. पण उतरू लागले आहे.” त्या जरा थांबल्या. “जेठात लई उतरलं तर आमच्या गावची टेकडी वर येते म्हनतात,” त्या म्हणाल्या, आणि टोपली डोक्यावर घेऊन पुढच्या घरी गेल्या.

ज्या खाणीने मला आणि माझ्या मुलाबाळांना अन्न दिले ती जमीनही कोणाची तरी होतीच. ती कोणाची, हे मी छत्तीस वर्षांच्या नोकरीत एकदाही विचारले नाही. या प्रवासाने मला निदान तो प्रश्न दिला. वाचकांपैकी कोणी पेंचला गेले, तर वाघ अवश्य पाहावा. तो पाहण्यासारखाच आहे. परंतु पाण्याच्या काठी गाडी थांबेल तेव्हा क्षणभर त्या पाण्याखालीही पाहावे. आणि नागपुरातील आपल्या आप्तेष्टांच्या घरी नळ सोडाल, तेव्हा हे पाणी कोणत्या डोहावरून आले, एवढे मुलांना सांगावे.